मदत काठमांडूपर्यंत पोचते, पुढे का अडते?

तुम्ही पुण्यात आपत्ती व्यवस्थापन शिकताय आणि २०१५च्या नेपाळ भूकंपावर प्रकल्प लिहिताय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. इतक्या देशांची पथकं आणि विमानं काठमांडूत उतरली, तरी डोंगरातली गावं आठवडा-आठवडा एका ताडपत्रीसाठी का ताटकळली? सगळे अधिकार एकाच आंतरराष्ट्रीय संस्थेकडे दिले असते तर हा गोंधळ टळला नसता का? आणि अशा वेळी आपल्यासारख्यांनी इथून नेमकं काय पाठवावं?

मी २००१च्या भुजपासून मदतसामग्रीच्या पुरवठ्याचं काम करतोय. गोदाम, ट्रक, चलान, कस्टमचे कागद, हमालांची मजुरी यात माझे दिवस गेले. डॉक्टर, बचावपथकातला जवान किंवा सरकारी अधिकारी याच प्रश्नांची वेगळी उत्तरं देतील आणि तीही खरी असतील. मी सांगतोय ते गोदामाच्या दारातून दिसलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मदत भरपूर होती, फक्त तिला हुकूम देणारं कुणी नव्हतं. माझा अनुभव जरा वेगळा आहे. मदत हातोहात पुढे जाते. विमानातून धावपट्टीवर, तिथून गोदामात, गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून जिल्ह्याच्या सदरमुकामाला आणि शेवटी कुणाच्या तरी पाठीवरून गावात. या प्रत्येक ठिकाणी माल उतरवून घेणारा माणूस लागतो. माल येणार आहे हे त्याला आधी कळलेलं असावं लागतं, त्याच्याकडे ठेवायला कोरडी जागा लागते, आणि पुढे कुणाला किती द्यायचं याची यादी लागते. नेपाळमध्ये पाठवणारे शेकडो होते, उतरवून घेणारे मात्र मोजके. त्या मोजक्या माणसांना झेपेल इतकाच आणि झेपेल त्या क्रमानं माल पुढे सोडणं, याला मी समन्वय म्हणतो. बैठका, नकाशे, अहवाल हे सगळं त्यासाठी.

आधी प्रसंग थोडक्यात. २५ एप्रिल २०१५, शनिवार, नेपाळच्या घड्याळात ११ वाजून ५६ मिनिटं. तीव्रता ७.८, केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, म्हणून शाळा रिकाम्या होत्या. नाहीतर मुलांचं काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. मग १२ मे रोजी दोलखाच्या बाजूला ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का. सुमारे ९,००० माणसं गेली, २२,००० हून अधिक जखमी झाली, जवळपास पाच लाख घरं पार कोसळली. सर्वांत जास्त झळ १४ जिल्ह्यांना बसली आणि सर्वांत जास्त मृत्यू सिंधुपाल्चोकमध्ये झाले. लांगटांगचं गाव तर हिमकडा आणि दगडांच्या लोंढ्याखाली गेलं.

आता काठमांडूचं विमानतळ बघा. त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच, आणि मोठी विमानं उभी करायला जागा अगदी थोडी. नेपाळला समुद्र नाही. जहाजानं येणारा माल कोलकात्याला उतरून रस्त्यानं यायचा. त्यामुळे पहिल्या दिवसांत अख्ख्या जगाची मदत त्या एका धावपट्टीवर येऊन ठेपली. भारतीय हवाई दलाचं विमान त्याच दिवशी पोचलं, ‘ऑपरेशन मैत्री’ ही भारताची मदतमोहीम सुरू झाली, पाठोपाठ इतर देश आले. लवकरच आकाशात घिरट्या घालून विमानं परत जायला लागली, कारण उतरायला जागा नव्हती. जड विमानांच्या भारानं धावपट्टीला तडे जायला लागले, तेव्हा ३ मे रोजी १९६ टनांपेक्षा जड विमानांना बंदी घालावी लागली. वर्तमानपत्रात ही दोन ओळींची बातमी होती. आमच्यासाठी त्याचा अर्थ असा, की मोठ्या विमानातून एका खेपेत येणारा माल आता दुसऱ्या देशात उतरवून, लहान विमानांत भरून, तीन-चार खेपांत आणायचा.

एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एका विमानातला माल पॅलेटवर, म्हणजे यंत्रानं उचलता येणाऱ्या फळ्यांच्या चौकटीवर, बांधलेला नव्हता, सुटी खोकी जमिनीपासून छतापर्यंत रचलेली होती. पॅलेट असते तर यंत्रानं तासाभरात विमान मोकळं झालं असतं. तिथे माणसांची साखळी लावून एकेक खोकं खाली घ्यावं लागलं. पहाटेपर्यंत आम्ही तेच करत होतो. माझ्या शेजारी नेपाळी सेनेचा एक पोरगेलासा जवान होता. त्याचं स्वतःचं घर नुवाकोटला पडलं होतं, आई-वडील शेतात उघड्यावर झोपत होते, आणि तो अनोळखी देशातून आलेली खोकी झेलत होता. त्यातली बरीचशी पाण्याच्या बाटल्यांची होती. तेवढ्या वेळात त्या जागेवर ताडपत्र्यांची दोन विमानं मोकळी झाली असती. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, पण खाली उतरवून कोण घेणार आणि कसं घेणार हे विचारायचं राहून गेलं होतं.

एका बाबतीत नेपाळचं नशीब थोर. विमानतळाच्या आवारात मदतसामग्री उतरवण्या-साठवण्यासाठी वेगळी जागा तयार करून ठेवली होती आणि ती भूकंपाच्या जेमतेम महिनाभर आधी सुरू झाली होती. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं हे काम. ती जागा नसती तर पहिल्या आठवड्यात काय झालं असतं, कल्पना करवत नाही. तुमच्या प्रकल्पात पूर्वतयारीवर एखादं प्रकरण असेल, तर त्या मोकळ्या पटांगणावर जरूर लिहा. सपाट केलेली जमीन, मोठे तंबू आणि फोर्कलिफ्ट चालवणारी प्रशिक्षित माणसं, एवढंच होतं ते.

मग कस्टम. ज्याच्या नावावर माल आलाय तो माणूस किंवा संस्था नेपाळात नोंदलेली असेल, यादी बरोबर असेल, तर माल झटपट सुटायचा. ‘नेपाळची जनता’ एवढंच लिहिलेल्या पेट्या मात्र पडून राहिल्या. बातम्या आल्या की कस्टमनं मदत अडवली, आणि काही ठिकाणी कागदपत्रांचा अट्टहास झालाही. जागतिक पातळीवरून त्याबद्दल जाहीर विनंत्या कराव्या लागल्या, ताडपत्र्या आणि तंबूंवरचा कर सरकारनं नंतर उठवला. पण मी त्या शेडमध्ये उभा होतो म्हणून दुसरी बाजूही सांगतो. एका पेटीत औषधं निघाली, त्यांच्यावरची भाषा शेडमधल्या एकालाही वाचता येईना. ती कुणाच्या सहीवर सोडायची? उद्या एखाद्या मुलाला चुकीची गोळी गेली तर जबाबदार कोण? त्या कर्मचाऱ्याची अडचण खोटी नव्हती.

तुमचा दुसरा प्रश्न: सगळे अधिकार एकाच हाती का देत नाहीत?

पहिलं कारण कायद्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर १९९१ मध्ये केलेला ४६/१८२ क्रमांकाचा ठराव अभ्यासक्रमात असेलच. आपत्ती ज्या देशात आली, तिथलं सरकार मदतीचं नेतृत्व करणार आणि बाकीचे त्याच्या संमतीनं हातभार लावणार, हे त्यात स्पष्ट आहे. दुसरं कारण व्यवहाराचं. प्रत्येक देश आपल्या करदात्यांचा पैसा आणतो आणि त्याला घरी हिशेब द्यायचा असतो. परदेशी सैन्य नागरी संस्थेचा हुकूम घेत नाही. स्वयंसेवी संस्थेला आपल्या देणगीदाराला दिलेला शब्द पाळायचा असतो. यांतलं कुणीही कुणाचा नोकर नाही.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बाहेरच्यांच्या हाती जवळजवळ सगळं गेलं की काय होतं, हे हैतीत दिसलंय. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपात तिथली सरकारी यंत्रणाच कोसळली, मंत्रालयांच्या इमारती पडल्या, संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालयही पडलं. समन्वयाच्या बैठका संयुक्त राष्ट्रांच्या तळावर भरायला लागल्या. बैठकीची भाषा बहुतेक वेळा इंग्रजी, दारावर पहारा. क्रेयोल आणि फ्रेंच बोलणाऱ्या स्थानिक संस्था बाहेर राहिल्या. कोणत्या गल्लीत किती माणसं उघड्यावर आहेत हे ज्यांना तोंडपाठ होतं, तेच खोलीत नव्हते. अधिकार एका जागी आले, पण माहिती बाहेरच राहिली.

नेपाळमध्ये सरकार शाबूत होतं. गृहमंत्रालयाचं आपत्कालीन केंद्र चालू होतं, परदेशी सैन्यांसाठी नेपाळी सेनेचा वेगळा समन्वय कक्ष होता, प्रत्येक जिल्ह्यात प्रमुख जिल्हा अधिकारी होता. बाहेरून आलेल्यांसाठी विमानतळावर नोंदणी कक्ष होता आणि पाणी, निवारा, आरोग्य, अन्न असे विषयवार गट होते. या गटांना ‘क्लस्टर’ म्हणतात. ही पद्धत २००५ पासूनची आहे, २००४च्या त्सुनामीच्या वेळच्या गोंधळानंतर आलेली. कागदावर रचना चांगली होती.

पण एक तपशील बहुतेक अहवालांत तळटीपेत जातो आणि माझ्या मते तोच गाभा आहे. नेपाळात १९९७ नंतर स्थानिक निवडणुकाच झालेल्या नव्हत्या. पुढे २०१७ मध्ये झाल्या. म्हणजे भूकंपाच्या वेळी गावाला निवडून आलेला सरपंच नव्हता, वॉर्डाचा सदस्य नव्हता. होता तो गाउँ विकास समितीचा सचिव, एक सरकारी कर्मचारी, आणि कित्येकदा एकाच सचिवाकडे दोन-तीन गावं. आपल्याकडे एका ग्रामसेवकाकडे तीन ग्रामपंचायती असतात आणि त्यात सरपंच नाही असं समजा. साखळीतला शेवटचा उतरवून घेणारा तो. जगभरातून आलेली कोट्यवधींची मदत अखेर त्याच्या एका वहीवर येऊन थांबायची.

सिंधुपाल्चोकमधला असा एक सचिव मला मे महिन्यात भेटला. कार्यालय पडलेलं. तो पिंपळाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला, मांडीवर लांब पानांची वही, वहीवर पावसासाठी पिशवी. त्यानं वॉर्डनिहाय घरं लिहून काढली होती: घरप्रमुखाचं नाव, माणसं किती, मेलेले किती, घर पूर्ण पडलं की अर्धं. हे काम त्यानं चार दिवस पायी फिरून केलं होतं. ती वही बघेपर्यंत आमच्या काठमांडूच्या कार्यालयात त्या गावाबद्दल एकच आकडा होता, तोही २०११च्या जनगणनेतला.

त्या वहीवरून आम्ही हिशेब मांडला. तो इथे देतो, कारण ‘मदत का पोचत नाही’ हे यातून जितकं कळतं तितकं माझ्या बोलण्यातून कळणार नाही. पडलेली घरं ५००. घराला दोन ताडपत्र्या, म्हणजे १,०००. एकीचं वजन साधारण साडेचार किलो, एकूण साडेचार टन. काठमांडूहून एक ट्रक पुरेल. पण ट्रक जातो रस्ता संपतो तिथपर्यंत. त्यापुढे दोन वॉर्ड रस्त्यालगत, बाकीचे वर, पाच-सहा तासांच्या चढावर. भरिया, म्हणजे तिकडचा पाठीवर ओझं वाहणारा माणूस, ३० किलो घेतो. सगळाच माल वर न्यायचा झाला तर दीडशे भारे. हे फक्त ताडपत्र्यांचं झालं. त्यात तांदूळ, दोर, भांडी धरली तर आकडा हजाराच्या घरात जातो. दीडशे भरिये कुठून आणायचे? गावातले तरुण आखाती देशांत आणि मलेशियात मजुरीला गेलेले. उरलेले आपापलं घर उकरताहेत.

आणि आमची चूक म्हणाल तर, पहिल्या फेरीत आम्ही तांदूळ ५० किलोच्या गोण्यांत पाठवला. ट्रक रिकामा करायला सोपं पडतं म्हणून. रस्त्याच्या टोकाला गोण्या उतरल्या आणि वर न्यायला कुणी तयार होईना. पाठीला पेलणारं ओझंच नव्हतं ते. चिखलात बसून गोण्या फोडायच्या आणि ३०-३० किलो करून शिवायच्या, यात दीड दिवस गेला. ती ऑर्डर माझ्या सहीनं निघाली होती. वरच्या वाडीवर त्या दीड दिवसात लोक मक्याचं उरलंसुरलं पीठ खात होते, हे मला नंतर कळलं आणि अजून टोचतं.

हेलिकॉप्टर का नाही, असं तुमच्या मनात येईल. होती, भारतासह अनेक देशांची होती. पण उंचीवर हेलिकॉप्टरची ओझं उचलायची ताकद घटते, दुपारनंतर ढग येतात, आणि जखमींना खाली आणायचं काम आधी. म्हणून पुढे जागतिक अन्न कार्यक्रमानं गिर्यारोहण क्षेत्रातल्या अनुभवी लोकांना हाताशी धरून हजारो भरिये आणि खेचरं कामाला लावली, तुटलेल्या पायवाटा दुरुस्त केल्या. लोकांच्या हाती मजुरी आली आणि माल वर गेला. मदतकार्याच्या इतिहासातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि तिच्यावर पुरेसं लिहिलं गेलेलं नाही.

तर इथवर सांगितलं त्याचा धागा असा: मदत ज्या नळीतून जात होती, ती सगळीकडे सारखी रुंद नव्हती. तिची सर्वांत अरुंद जागा पहिल्या आठवड्यात धावपट्टी होती, दुसऱ्यात कस्टमची शेड, आणि त्यानंतर कायमची रस्ता संपतो ती जागा. आपण मात्र प्रत्येक वेळी वरून आणखी ओतत होतो.

मग हुकूम चालत नाही तर शेकडो संस्थांना एका रांगेत आणायचं कसं? माझं उत्तर आहे: सोयीनं. एक साधा तक्ता असतो, कोण, काय, कुठे. प्रत्येक संस्थेनं आपण कोणत्या गावाला काय देतोय ते त्यात भरायचं. सुरुवातीला कुणी भरत नाही. वेळ नसतो, आणि आपलं गाव दुसरा पळवेल ही भीती असते. परिणामी रस्त्याकडेच्या एका वस्तीला एकाच दिवशी तीन संस्थांनी तांदूळ दिला आणि वरच्या दोन वाड्यांना कुणीच नाही, हे मी अर्निको महामार्गावर स्वतः पाहिलं. ज्या गावांची नावं टीव्हीवर आली तिथे गाड्यांची रांग, शेजारच्या गावात शुकशुकाट.

मग नियम असा झाला की सामाईक गोदामात जागा आणि ट्रकमध्ये फुकट वाहतूक हवी असेल तर माल कुठे चाललाय ते आधी सांगा. दोन दिवसांत तक्ता भरायला लागला. आम्ही कुणाला रोखलं नाही, दटावलं नाही. फक्त माहिती दिली की काम सोपं होतं, हे दिसू दिलं. तक्ता भरल्यावर तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायचा, नेपाळीत. मग सचिव येऊन बोट ठेवून सांगायचा: ‘इथे दुबार झालंय, ही वाडी राहिली.’ सिंधुपाल्चोकचं सदरमुकाम असलेल्या चौताऱ्याच्या तंबूतल्या बैठका नेपाळीत घ्यायला लागलो आणि आम्ही परके दुभाष्याची मदत घेऊन बसायला लागलो, तेव्हापासून बैठक अर्ध्या वेळात संपायची. महाराष्ट्रात काम करताना कधी वाटलं नव्हतं की भाषा हीसुद्धा पुरवठ्याची बाब आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. नेपाळचं उत्तर जसंच्या तसं दुसरीकडे लावू नका. इंडोनेशियातल्या आचेहमध्ये २००४च्या त्सुनामीनंतर किनारा होता, जहाजं येऊ शकत होती, पण बंदरं आणि किनाऱ्याचे रस्तेच वाहून गेले होते. तिथल्या विमानतळावर जानेवारी २००५ मध्ये मालवाहू विमानाची जनावरांच्या कळपाला धडक बसली आणि जवळजवळ दिवसभर मोठ्या विमानांची ये-जा थांबली. तुर्कस्तान आणि सीरियात ६ फेब्रुवारी २०२३चा भूकंप एकच, पण तुर्कस्तानात सक्षम सरकारी यंत्रणा, रस्ते, गोदामं होती. सीमेपलीकडे वायव्य सीरियात युद्धामुळे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीला एकच सीमाद्वार मंजूर होतं, आणि आणखी दोन उघडायला आठवडा गेला. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी आठवडा म्हणजे काय, हे सांगायला नको. तिथे अडचण वाहतुकीची नव्हती, परवानगीची होती, आणि माझ्यासारख्या गोदामवाल्याकडे त्यावर इलाज नव्हता.

बचावपथकांबद्दल बोलायला मी फारसा अधिकारी नाही, तरी घरांच्या रचनेवर एक गोष्ट ठरते ती सांगतो. मी मूळचा उमरग्याचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर तिकडे गेलो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, मिरवणुकीहून येऊन माणसं नुकती झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाची जड माती. घर पडलं की आत पोकळी उरतच नाही, सगळं मातीनं भरतं. गोरखा आणि सिंधुपाल्चोकची घरं अशीच दगड-मातीची. काँक्रीटच्या इमारतीत अडकलेला माणूस दोन-चार दिवस तग धरू शकतो, मातीखाली तासांचा प्रश्न असतो. म्हणून नेपाळातही बहुतेकांना शेजाऱ्यांनी, नेपाळी सेनेनं आणि पोलिसांनी काढलं. दुरून आलेल्या पथकांच्या हाती जिवंत माणसं फार थोडी लागली, आणि मेच्या सुरुवातीला सरकारनं त्यांना परत जायला सांगितलं. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदरच आहे. पण पहिल्या तीन दिवसांत धावपट्टीवर कुणाला आधी उतरू द्यायचं, हे ठरवताना गावं दगड-मातीची आहेत की काँक्रीटची, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

वैद्यकीय पथकांचं थोडक्यात: हैतीतल्या अनुभवानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये परदेशी पथकांची प्रतवारी ठरवली. आम्ही काय करू शकतो आणि किती दिवस स्वतःच्या शिध्यावर राहू शकतो, हे पथकानं आधी सांगायचं. नेपाळात त्याचा उपयोग झाला. या विषयावर एखाद्या डॉक्टरांना विचारा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, काय पाठवावं. पैसे पाठवा, आणि त्या देशात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला पाठवा. हे ऐकायला रुक्ष वाटतं. किल्लारीला रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात कुजताना मी पाहिलेत, भुजलाही पाहिलेत. पाठवणाऱ्या घरांनी ते मायेनं काढून दिले होते, धुऊन, घडी करून. पण निवडायला, वाटायला माणूस नव्हता. आचेहमध्ये तर औषधांचंच असं झालं: सुमारे ४,००० टन औषधं आली, त्यातली बरीच मुदत संपत आलेली किंवा तिथे न वापरली जाणारी. नंतर शेकडो टन औषधं नष्ट करायची कशी, हा नवाच प्रश्न उभा राहिला.

पैशाचा फायदा असा की गरज बदलली की तो बदलतो. नेपाळात आम्ही तंबू मागवत होतो, आणि गावातली माणसं जस्तापाता, म्हणजे पन्हाळी पत्रे, मागत होती. आधी मला वाटलं, तंबू पटकन उभा राहतो, पत्र्याचा आग्रह का? एका बाईंनी मला त्यांच्या शेताच्या पायरीवर नेलं. पायरी जेमतेम हातभर रुंद, तंबूचे खुंटे ठोकायला जागाच नाही. पत्रा बांबूवर टाकता येतो, म्हशीलाही त्याखाली बांधता येतं, आणि पुढे घर बांधलं की छपरावर जातो. जूनच्या मध्यावर पाऊस येणार होता आणि त्याआधी भाताचं बी हवं होतं, कारण कणगी ढिगाऱ्यात गेली होती. पत्रा, हातोडी, खिळे, बियाणं. यातलं काहीच पुण्याहून खोक्यात भरून पाठवण्यासारखं नाही, पण पैसे असले की जवळच्या बाजारात मिळतं. नेपाळ सरकारनंही तात्पुरत्या निवाऱ्यासाठी घरटी १५,००० नेपाळी रुपये रोख देण्याचा मार्ग धरला.

तुमचे नातेवाईक परदेशात असतील आणि उद्या आपल्याकडेच काही झालं, तर एक लक्षात ठेवा. परदेशी नागरिकाकडून किंवा परदेशी मंडळाकडून येणारा पैसा इथल्या प्रत्येकच संस्थेला घेता येतो असं नाही. परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशाला हा नियम लागत नाही. हे आधीच तपासून ठेवा. पूर आल्यावर शोधायला बसाल तर आठवडा जाईल.

आणि वेळेचंही बघा. एप्रिल-मेमध्ये आमचा फोन दिवसभर वाजायचा, सगळ्यांना काहीतरी द्यायचं होतं. सप्टेंबरअखेर सीमेवरची वाहतूक खोळंबली, इंधन मिळेना, ट्रक उभे राहिले. नोव्हेंबरात पिंपळाखालच्या त्या सचिवाचा फोन आला. वरच्या वाड्यांवर दव गोठायला लागलं होतं, माणसं अजून पत्र्याखालीच होती, त्यांना घोंगड्या आणि चटया हव्या होत्या. त्या दिवशी आमच्याकडे त्यासाठी निधी उरलेला नव्हता. पंधरा दिवस फोन करून तो जमवला, आणि निम्म्याच घरांना पुरला.

तुमच्या प्रकल्पासाठी एक सुचवतो. देशांची आणि पथकांची यादी करण्यात वेळ घालवू नका, ती सगळीकडे मिळते. एकच गाव धरा आणि एकाच वस्तूचा माग काढा. ताडपत्री कोणत्या तारखेला धावपट्टीवर उतरली, शेडमधून कधी सुटली, ट्रकमध्ये कधी चढली, रस्त्याच्या टोकाला किती दिवस पडली, आणि घरप्रमुखानं वहीत सही किंवा अंगठा कधी केला. पहिल्या चार तारखा चलानांवर मिळतील. पाचवीसाठी गावात जावं लागेल. जमलं तर दसऱ्याच्या आसपास जा, तिकडे त्याला दशैं म्हणतात. बाहेरगावी कामाला गेलेली माणसं तेव्हा घरी आलेली असतात, आणि वही कुणाच्या घरात आहे हे त्यांना ठाऊक असतं.